पदवी प्रदर्शन ऑनलाइन करायचं तर आधी एका विद्यार्थ्याचं पान नीट करा

२०२१ च्या एप्रिलमध्ये, १४ तारखेच्या रात्री राज्यात कोरोनासाठीचे 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागले आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कला महाविद्यालयाचं शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन सलग दुसऱ्यांदा अडकलं. आदल्या वर्षी तर ते झालंच नव्हतं, त्या बॅचची पोरं मार्कशीट घेऊन घरी गेली आणि विषय संपला. या वेळी विभागप्रमुख सरांनी ठरवलं की ऑनलाइन का होईना पण प्रदर्शन करायचंच. मी याच कॉलेजातून अप्लाइड आर्ट, म्हणजे जाहिरात-डिझाइनची कला, करून बाहेर पडले, पुण्यात वेबसाइटची कामं करते, त्यामुळे सरांचा फोन मला आला. पुढं जे जे झालं ते इथं सविस्तर लिहितेय, कारण आता बऱ्याच कॉलेजांत भिंतीवरच्या प्रदर्शनाबरोबर ऑनलाइन प्रदर्शनही करतात आणि तेच तेच प्रश्न मला सारखे विचारले जातात.

आधी हे सांगायला हवं की जिल्ह्याच्या ठिकाणच्या कला महाविद्यालयात या प्रदर्शनाला एवढं महत्त्व का असतं. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला १८५७ पासूनचं नाव आहे, ते शहराच्या मधोमध आहे, तिथल्या मुलांचं काम कुठं ना कुठं कुणाच्या तरी नजरेला पडतं. आमच्याकडं तसं नाही. इथं वर्षातून एकदा कॉरिडॉर आणि स्टुडिओ रिकामे करून डिस्प्ले लागतो, तेव्हाच गावातले लोक, आसपासच्या शाळांचे मुख्याध्यापक, प्रिंटिंगवाले, जाहिरातीची कामं करणारे, एखाददुसरा चित्रकार असे सगळे येऊन जातात. आणि घरचे येतात. चार-पाच वर्षं पोरगं नक्की काय शिकतंय हे आईवडिलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. म्हणजे प्रदर्शन चुकलं की पोरांची ओळख करून देणारा एकमेव दिवस चुकतो.

परिस्थिती अशी होती. चाळीसेक विद्यार्थी, त्यातले जास्त ड्रॉइंग-पेंटिंग आणि अप्लाइडचे, थोडे स्कल्प्चरचे, मोजके टेक्सटाइलचे. सगळे आपापल्या गावी, कुणी आटपाडीला, कुणी जतला, कुणी गडहिंग्लजजवळच्या वाडीवर. काम अर्धं घरी, अर्धं कॉलेजच्या कुलूपबंद स्टुडिओत. स्कल्प्चरच्या एका मुलाचं शाडूतलं पोर्ट्रेट स्टँडवर तसंच राहिलं होतं, त्यावरचं ओलं फडकं बदलायला कुणी नाही, मग ते वाळून कानापासून गळ्यापर्यंत तडकलं. पैसे जवळपास नाहीतच, दरवर्षी मांडव, फ्लेक्स आणि चहा-नाश्त्यावर जो खर्च व्हायचा तेवढाच काय तो हाताशी. पोरांकडं साधे मोबाइल, रोजचा दीड जीबी डेटा आणि वाडीवर रेंज मिळेल तेवढी.

थ्रीडी गॅलरी का नको म्हणाले

समितीच्या पहिल्या ऑनलाइन मीटिंगला सगळ्यांच्या मनात एकच चित्र होतं, थ्रीडी गॅलरीचं. आभासी हॉल, पांढऱ्या भिंती, त्यावर फ्रेम, बोटानं सरकवत आत फिरायचं. त्यात नवल नाही, तेव्हा जगभर तेच चाललं होतं. २०२० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टनं आणि युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सनं आपली पदवी प्रदर्शनं वेबसाइटवर नेली होती, आणि कितीतरी लहान कॉलेजांनी मोझिला हब्ज, आर्टस्टेप्स, कुन्स्टमॅट्रिक्स असल्या तयार थ्रीडी जागा वापरल्या होत्या. सरांनी तशी दोन-तीन प्रदर्शनं लॅपटॉपवर पाहिली होती आणि त्यांना ती आवडली होती.

मी एवढंच म्हटलं, की नमुन्याला एक खोली करू आणि ती आपल्या पोरांच्याच मोबाइलवर उघडून बघू. आटपाडीच्या एका मुलीला लिंक पाठवली, तिला म्हटलं व्हिडिओ कॉलवर दुसऱ्या फोनचा कॅमेरा स्क्रीनवर धर, म्हणजे आम्हा सगळ्यांना दिसेल. खोली उघडायलाच इतका वेळ लागला की मीटिंगमधले लोक आपापसात बोलायला लागले, उघडली तेव्हा फोन तापलेला, आणि मग ती अंगठ्यानं चालायला गेली तर कधी कोपऱ्यात अडके, कधी छताकडं बघे. चित्रासमोर पोचली तेव्हा चित्र तिरकं दिसत होतं, वरची कड लहान, खालची मोठी. खालचं माध्यम आणि माप वाचता येईना. ते तिचं स्वतःचं चित्र होतं आणि तिला ते ओळखायला वेळ लागला.

सर म्हणाले, "अगं पण प्रदर्शन बघितल्यासारखं वाटलं पाहिजे ना?" प्रश्न योग्य होता. माझं म्हणणं असं की गॅलरीत भिंत असते कारण चित्र कुठंतरी टांगावं लागतं, आणि चालावं लागतं कारण भिंती लांब असतात. मोबाइलवर या दोन्ही अडचणी नाहीत, मग त्या मुद्दाम बांधायच्या कशाला? बघणाऱ्याला हवं असतं चित्र, मोठं, सरळ, लगेच. बघितल्यासारखं वाटणं हे चित्रासमोर थांबल्यानं येतं, पोकळ हॉलमधून चालल्यानं नाही.

थ्रीडी नको म्हणण्याचं दुसरं कारण तेव्हा निम्मंच पटलं होतं, आता पूर्ण पटलंय. अशा जागा दुसऱ्याच्या मालकीच्या असतात आणि त्या बंद होतात. गूगलची पॉली ही थ्रीडी मॉडेलं ठेवायची सोय ३० जून २०२१ ला बंद झाली, मायक्रोसॉफ्टचं आल्टस्पेस ही आभासी भेटींची जागा १० मार्च २०२३ ला, आणि मोझिलानं हब्ज ३१ मे २०२४ ला बंद केलं. हब्जचा कोड खुला होता, ज्यांच्याकडं माणसं होती त्यांनी आपापल्या सर्व्हरवर उचलून नेला, पण कला महाविद्यालयात ते कोण करणार? ज्यांचं पदवी प्रदर्शन तिथं झालं आणि कुणी उचलून नेलं नाही, त्यांच्या बायोडेटातली ती लिंक आता उघडत नाही.

पोरांचा आग्रह इन्स्टाग्रामचा होता. ते मी पूर्ण नाकारलं नाही, जाहिरातीला ते चांगलंच आहे. पण तेव्हा तिथल्या प्रोफाइलवर उभं कॅन्व्हास चौकोनात कापलं जायचं, माध्यम-माप कॅप्शनमध्ये बुडून जातं, आणि अकाउंटचा पासवर्ड वर्गातल्या एका मुलाकडं असतो, तो नोकरीला लागला की संपलं. म्हणून इन्स्टा फक्त बोर्ड म्हणून ठेवायचं, दुकान दुसरीकडं.

लोक दारातून येतच नाहीत

सगळ्या निर्णयांच्या मुळाशी एकच गोष्ट होती आणि ती मी समितीला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ऑनलाइन प्रदर्शनाला दार नसतं. आपण सगळा जीव होमपेजवर ओततो, मोठं नाव, प्राचार्यांचा संदेश, फिरणारे बॅनर. पण येणारा माणूस कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून येतो, आणि ती लिंक एका मुलीच्या किंवा मुलाच्या पानाची असते. मामानं भाचीची लिंक गावच्या ग्रुपवर टाकली, ती कुणी कोल्हापूरच्या ओळखीच्या डिझायनरला पुढं धाडली, असा तो प्रवास. तो माणूस थेट आतल्या खोलीत येऊन पडतो. त्याच्यासाठी तेच पान म्हणजे अख्खं प्रदर्शन.

म्हणून आम्ही होमपेज शेवटी केलं. आधी एका विद्यार्थिनीचं पान घेतलं आणि ते बरोबर होईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावला नाही. पानावर सगळ्यात वर एक काम, स्क्रीनच्या रुंदीभर, त्याच्या आधी काहीच नाही, कॉलेजचा लोगोसुद्धा खाली. मग नाव आणि विभाग. मग दोन-तीन ओळी तिच्या शब्दांत. मग बाकीची कामं एकाखाली एक, प्रत्येकाखाली शीर्षक, माध्यम, माप, साल. शेवटी संपर्काचा छोटा फॉर्म आणि 'आणखी कुणाचं काम बघा' म्हणून वर्गातल्या तिघांची चित्रं. या शेवटच्या गोष्टीला सर सुरुवातीला फार किंमत देत नव्हते, पण ज्याला दारच नाही त्याला इतर खोल्यांत नेणारा रस्ता इथूनच निघतो.

व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की खाली जो छोटा फोटो आणि नाव येतं ते प्रत्येक पानाचं वेगळं ठेवलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याचा उपयोग प्रचंड होतो. सगळ्यांच्या लिंकखाली कॉलेजची इमारत दिसली असती तर कुणी उघडलीच नसती. लिंकमध्ये विद्यार्थ्याचं नाव रोमन अक्षरांत घातलं, कारण देवनागरीत ठेवलं तर व्हॉट्सॲपवर कॉपी करताना त्याची टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ होते आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे.

पानं साधी, एकदा तयार करून ठेवलेली. मागं डेटाबेस नाही, लॉगिन नाही, अपडेट मागणारी प्लगइन्स नाहीत. प्रत्येक फोटोच्या तीन आकारांच्या प्रती, लहान फोनला लहान फोटो जातो, मोठी प्रत टॅप केल्यावरच उघडते. खालचे फोटो तिथपर्यंत सरकल्यावरच लोड होतात. हे सगळं करणं अवघड नाही, फक्त कुणीतरी दीड जीबीवाल्या माणसाचा विचार करून बसावं लागतं.

फोटो

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि जायलाच हवा होता. ऑनलाइन प्रदर्शनात मूळ काम कुणी बघतच नाही, बघतात तो फोटो. फोटो वाईट तर काम वाईट, बघणाऱ्याला दुसरं कळायचा मार्गच नाही.

पहिल्या फेरीत जे फोटो आले ते बघून सगळेच गप्प झालो. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले, हिरवट, चित्र पलंगावर आडवं ठेवून वरून काढलेलं, एका कोपऱ्यात पायाचा अंगठा. शिवाय व्हॉट्सॲपवर नुसते फोटो म्हणून पाठवल्यानं दाबून बारीक झालेले. पोरांना दोष देऊन उपयोग नव्हता, चार वर्षांत त्यांना कामाचा फोटो काढायला कुणी शिकवलंच नव्हतं, त्याला मार्क नाहीत ना.

मग एकेकाला व्हिडिओ कॉल करून बसलो, मी आणि कॉलेजमधले फोटोग्राफी शिकवणारे सर. सूचना साध्या. सकाळची वेळ, थेट ऊन नको, सोप्यात किंवा पडवीत जिथं सावलीचा सारखा उजेड येतो तिथं चित्र भिंतीला टेकवायचं. चित्र जेवढं मागं कललंय तेवढाच फोन कलवायचा, आणि फोनची उंची चित्राच्या मध्याइतकी. जवळ जाऊन काढायचं नाही, दोन-तीन पावलं मागं जाऊन थोडं झूम करायचं, नाहीतर मोबाइलच्या रुंद लेन्सनं कडा फुगतात. फ्लॅश बंद, ब्यूटी आणि फिल्टर बंद, लेन्स शर्टाला पुसून घ्यायची. पहिल्या फोटोत चित्राशेजारी पांढरा कोरा कागद धरायचा, म्हणजे नंतर रंग दुरुस्त करताना पांढरं कुठलं ते कळतं. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं.

तैलचित्रांचा प्रश्न वेगळा. आटपाडीच्या त्याच मुलीचं मोठं काम होतं, शेळ्यांचा कळप आणि मागं माळ, गडद तपकिरी पार्श्वभूमी, वरून वार्निश. कसाही फोटो काढला तरी मधोमध पांढरी चकाकी. चकाकी येते ती समोरच्या उजळ गोष्टीचं प्रतिबिंब पडतं म्हणून, मग समोर अंधार उभा करायचा. तिच्या घरात काळं घोंगडं होतंच. वडील आणि भाऊ दोन टोकं धरून तिच्या पाठीमागं उभे राहिले, उजेड दोन्ही बाजूंनी येत होता, ती घोंगड्याला अगदी चिकटून उभी राहिली आणि फोटो काढला. चकाकी गेली. गडद भागातले ब्रशचे फटकारे, शेळीच्या पोटाखालची जाड रंगाची रेघ, सगळं दिसायला लागलं. सरांनी तो फोटो सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि पुढच्या आठवड्यात ज्याच्या घरी घोंगडं नाही त्यानं काळी चादर, काळी शाल, एकानं तर पाठीमागं काळे कपडे टाचून लावले.

प्रिंटमेकिंगच्या एचिंगला, म्हणजे धातूच्या प्लेटवरून कागदावर छापलेल्या चित्रांना, उलटं करावं लागलं. त्यांत कागदावर प्लेटच्या कडेचा जो दाब उमटतो तो दिसला पाहिजे, तो समोरच्या सपाट उजेडात मरतो, म्हणून खिडकीजवळ एका बाजूनं तिरका उजेड. टेक्सटाइलवाल्यांना म्हटलं, कापड इस्त्री करून सपाट ठेवून फोटो काढू नका, हातात धरा, खांद्यावरून सोडा, पाच-सात सेकंदांचा छोटा व्हिडिओ करा, कापड कसं पडतं ते दिसू दे. शिल्पाला खिडकीचा उजेड एका बाजूनं आणि स्टुलावर ठेवून हळूहळू फिरवत व्हिडिओ. तडकलेल्या पोर्ट्रेटच्या मुलाला सर म्हणाले ते वगळ, पुढं कधी फायबरमध्ये कर. तो म्हणाला, "नाही सर, तडकलेलंच दाखवतो, खाली लिहितो काय झालं ते." दाखवलं. मला तो निर्णय अजून बरोबर वाटतो.

आणि माप. भिंतीवर सहा फुटी कॅन्व्हास आणि सहा इंची लिनोकट यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही, मोबाइलवर दोन्ही सारखेच दिसतात. खाली '४ × ६ फूट' लिहिलेलं कुणी वाचत नाही. म्हणून मोठ्या कामांचा एक फोटो असा घेतला की शेजारी घरातलं कुणीतरी उभं आहे. सुरुवातीला हे काहींना साधं वाटलं, गॅलरीसारखं नाही वाटलं, पण चित्राशेजारी आजी उभी असली की चित्राची उंची एका नजरेत कळते, आणि आजीलाही बरं वाटतं.

अप्लाइडच्या पोरांची अडचण वेगळीच. त्यांच्याकडं मोठे माउंट केलेले बोर्ड, एकेका बोर्डावर लोगो, पोस्टर, पॅकेजिंग, होर्डिंग सगळं एकत्र. अख्ख्या बोर्डाचा एक फोटो मोबाइलवर म्हणजे मुंग्या. बोर्ड मोडले. आधी एका वाक्यात कल्पना, मग मुख्य पोस्टर एकटं मोठं, मग पॅकेजिंग, आणि शेवटी रफ स्केचेस. कामावर घेणाऱ्यांना रफ बघायची असतात, हे मी नोकरीत दोन्ही बाजूंनी बघितलंय, तयार लोगो तर कुणीही चिकटवतं, तिथपर्यंत कसा पोचला ते महत्त्वाचं. खऱ्या ब्रँडवर केलेल्या कामांखाली ठळक 'विद्यार्थी प्रकल्प' लिहिलं, नाहीतर फिरत फिरत ती खरी जाहिरात म्हणून पसरते.

लिहायचं काय

कलाविषयक निवेदन मागवलं आणि जवळपास सगळ्यांचं एकसारखं आलं. निसर्ग आणि मानव यांचं नातं, अंतर्मनाचा शोध, रंगांच्या माध्यमातून भावना. काहींचं तर इंग्रजीत, नेटवरून उचललेलं. ते वाचून चित्र एक इंचही जवळ येत नव्हतं. मग लिहायचं बंद केलं आणि व्हॉइस नोट मागवल्या, मराठीत, घरात बोलता तसं, आणि प्रश्न फक्त एक: या कामातली सगळ्यात अवघड जागा कोणती होती आणि तिथं तू काय केलंस?

शेळ्यांच्या चित्राची मुलगी म्हणाली, "ताई, संध्याकाळचं ऊन शेळीच्या पाठीवर पडतं ना, तिथं नुसता पांढरा लावला की खडूगत दिसतंय. मग पिवळ्यात जरासा जांभळा घातला, अगदी टोकाएवढा, तवा कुठं ऊन वाटाय लागलं." हे असंच्या असं टाइप करून पानावर टाकलं. सरांना बोलीभाषेबद्दल थोडी शंका होती, प्रमाण मराठीत करू म्हणाले, मग पानावर वाचून बघितलं आणि तसंच ठेवलं. खाली तीन-चार ओळी इंग्रजीत, बाहेरच्या राज्यातल्या लोकांसाठी.

तांत्रिक घोळ एक मोठा होता. विभागाची माहिती आणि सरांचं मनोगत डीटीपीवाल्याकडून आलं ते श्री-लिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या, छपाईसाठीच्या फॉन्टमध्ये. वेबपेजवर चिकटवलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणलं तरी जोडाक्षरं आणि रफार जागोजागी चुकलेले, ते माणसानं बसून वाचल्याशिवाय सापडत नाहीत. फॉन्ट म्हणून 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घेतला, फुकट आणि खुला आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत जातात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते, मोठ्या संस्थांच्या मराठी वेबसाइटवरही ही तुटलेली शिरोरेषा दिसते आणि दर वेळी वाईट वाटतं.

हक्क, मॉडेल, मुलींचे नंबर

यावर समितीत सगळ्यात कमी बोलणं झालं असतं, मी धरून बसले म्हणून झालं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यानुसार चित्राचा पहिला मालक चित्र काढणारा, म्हणजे विद्यार्थी. कॉलेजात शिकताना काढलं म्हणून ते कॉलेजचं होत नाही. म्हणून एक पानी परवानगी घेतली, कॉलेजला हे काम प्रदर्शनाच्या पानावर दाखवता येईल, प्रदर्शनाच्या जाहिरातीत वापरता येईल, बाकी कशालाही वेगळं विचारावं लागेल, आणि विद्यार्थ्यानं सांगितलं तर काढून टाकलं जाईल.

लाइफ स्टडीचं जास्त नाजूक. वर्गात बसणारे मॉडेल वर्गासाठी बसतात, इंटरनेटसाठी नाही. भिंतीवर लागलेलं चित्र चार दिवसांनी उतरतं, नेटवर टाकलेलं कुठं जाईल सांगता येत नाही, आणि आमच्या मॉडेल बाई त्याच शहरात राहतात, बाजाराला जातात. ज्या कामात चेहरा ओळखू येत होता किंवा अंगावर कपडे नव्हते ती सगळी बाहेर ठेवली. एक मुलगा नाराज झाला, त्याचं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. ज्युरीनं, म्हणजे परीक्षकांनी, ते प्रत्यक्ष बघितलं, त्याला मार्क मिळाले, पण पानावर नाही. दुसरीकडं मॉडेल असलेल्या आजोबांना फोन केला तर ते खुशीत म्हणाले, टाका की, माझ्या नातवाला पण पाठवा.

फोन नंबर कुणाचाच टाकला नाही. नंबर टाकला तर ऑर्डरी येतील असं मुलांचं म्हणणं, पण मुलींना काय काय येईल ते मुलींनाच माहीत होतं. फॉर्म ठेवला, तो विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेलवर जातो. कॉलेजच्या ईमेलवर नाही, कारण पास झाल्यावर तो बंद होतो आणि विचारणा तर वर्षभरानंतरही येते.

होमपेजवर चाळीस चौकोन लावताना कुणाचं आधी हा प्रश्न आलाच. हजेरी क्रमांकानं लावलं तर दर वेळी तेच वरचे आठ दिसतात. म्हणून दर वेळी पान उघडलं की क्रम बदलतो, पण एकाचं पान बघून मागं आलं की तोच क्रम राहतो, नाहीतर बघणारा हरवतो.

उद्घाटन आणि नंतर

प्राचार्यांना दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रमुख पाहुणे असा ऑनलाइन समारंभ हवा होता. तो छोटा केला, आणि खरा वेळ संध्याकाळच्या भेटींना दिला. रोज पाच-सहा विद्यार्थी, झूमची फुकटातली ४० मिनिटं, बघणाऱ्यांनी आपल्या फोनवर पान उघडून ठेवायचं आणि समोर विद्यार्थी बोलणार. भिंतीच्या प्रदर्शनात प्रमुख पाहुणे फिरताना सगळी गर्दी त्यांच्यामागं जाते आणि कोपऱ्यातल्या पोराकडं कुणी थांबत नाही, इथं प्रत्येकाला त्याचा वेळ मिळाला. बुजऱ्या मुलांना स्वतःच्या घरात बसून बोलणं सोपं गेलं, हे मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त जाणवलं. एकीचे वडील अख्खा वेळ मागं उभे होते आणि शेवटी त्यांनीच प्रश्न विचारला, की हे चित्र पुसलं तर जाणार नाही ना पावसात.

अपेक्षेप्रमाणं बहुतेक लोक थेट विद्यार्थ्यांच्या पानांवर आले, होमपेजवर फार थोडे. बहुतेक मोबाइलवरून. अप्लाइडच्या काही जणांना त्याच लिंकवर मुलाखती मिळाल्या, तडकलेल्या पोर्ट्रेटच्या मुलाला शेजारच्या तालुक्यातून अर्धपुतळ्याबद्दल विचारणा आली. टेक्सटाइलला मात्र फार काही मिळालं नाही, कापड हातात घेतल्याशिवाय कुणी पुढं बोलत नाही आणि व्हिडिओ त्याला पुरत नाही, हे मान्य करायला हवं.

आणि एक गोष्ट ऑनलाइन झालीच नाही. डिस्प्लेच्या आदल्या रात्रीचं जागरण, शिपाई मामांकडून शिडी मागणं, एकानं फ्रेम धरायची दुसऱ्यानं लांबून वाकडी आहे का बघायची, दुसऱ्याचं काम टांगताना ते पहिल्यांदा नीट बघणं. २०२० मध्ये ब्रिटनमधले विद्यार्थी उघडपणे म्हणत होते की प्रदर्शन पुढं ढकला पण ऑनलाइन उरकू नका, त्यामागं हेच होतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या पोरांनीही ते बोलून दाखवलं. पान कितीही चांगलं केलं तरी ते बघणाऱ्यासाठी असतं. मांडणाऱ्यांचं एकत्र असणं त्यातून मिळत नाही आणि मिळतं असं सांगूही नये.

२०२२ ला प्रदर्शन परत भिंतीवर आलं तेव्हा सरांनी पानंही चालू ठेवली. पहिल्यांदा प्रत्येक चित्राशेजारी क्यूआर कोड लावला होता, पण लोक चित्रासमोर उभं राहून फोनमध्ये तेच चित्र बघायला लागले. सगळे कोड काढून बाहेर पडायच्या दारापाशी एकत्र लावले, विद्यार्थ्याच्या नावासह. जाताना लोक आवडलेल्या दोघा-तिघांचे स्कॅन करून नेतात, घरी जाऊन दाखवतात, ते जास्त कामाचं.

आता ही पानं कॉलेजच्या नावावर घेतलेल्या डोमेनवर आहेत, नूतनीकरणाचं बिल ऑफिसात वीजबिलाबरोबर निघतं, कुणा एका सरांच्या जीमेलवर काही नाही. प्रत्येक वर्षाची पूर्ण प्रत लायब्ररीतल्या हार्डडिस्कवर आणि वेबॅक मशीन या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहावर जतन केलेली आहे. फोटो काढायला आता शेवटच्या वर्षाची वाट बघत नाहीत, प्रत्येक असाइनमेंट जमा करताना नीट फोटोही जमा करायचा, फोटोग्राफीच्या सरांनी त्याला मार्क ठेवलेत. मागच्या बॅचमधल्या एकीनं तिची दोन सुरुवातीची कामं काढायला सांगितली, ती काढली, बाकीचं पान आणि लिंक तशीच चालू आहे. सध्या अडकलंय ते ॲनिमेशनच्या मुलांपाशी. त्यांच्या फिल्म जड असतात, त्या आमच्या साध्या पानांवर ठेवता येत नाहीत, आत्ता यूट्यूबवर ठेवून पानात दाखवतो, पण ती अकाउंटं विद्यार्थ्यांची खासगी आहेत आणि उद्या त्यांनी डिलीट केली तर पानावर रिकामा चौकोन राहील. मूळ फाइल्स हार्डडिस्कवर घेऊन ठेवायला सुरुवात केलीय, दाखवायच्या कुठून ते यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत ठरवायचंय.